उद्यम प्रमाणपत्र जोडलं, तरी बयाणा रकमेवरून निविदा बाद. असं करता येतं का?

सोलापूरची_शिलाई
नमस्कार. सोलापुरात घरामागच्या शेडमध्ये माझं गणवेश शिवायचं युनिट आहे. 14 मशिनी, 9 बायका. जून तोंडावर आला की 12. आजवर सगळं काम दुकानदारांमार्फत. यंदा पहिल्यांदा थेट एका महापालिकेची (नाव नको) सफाई कामगारांच्या गणवेशांची निविदा भरली. डिजिटल सहीचं टोकन घेतलं, पोर्टलवर कागद चढवायला भाच्याकडून शिकले. बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, 60,000 होती. जो तो सांगतो लघुउद्योगाला बयाणा माफ, म्हणून पैसे न भरता उद्यमचं, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडलं. तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे आधी कागदपत्रं तपासतात तिथेच, बाद! शेरा एका ओळीचा: बयाणा रक्कम सादर नाही. दराचा लिफाफा उघडलाच नाही. मग लघुउद्योगाला प्राधान्य म्हणजे नक्की काय असतं?

निवृत्त_भांडारवाला
ताई, मी एका महापालिकेच्या भांडार खात्यात 27 वर्षं निविदाच उघडल्या. (तुमच्यावालीत नव्हे.) तुमच्यासारखी प्रकरणं दर वर्षी यायची.

लोक ज्या माफीबद्दल बोलतात ती केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणातली. त्यात बयाणा माफ, निविदा संच फुकट, आणि वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के वाटा सूक्ष्म-लघु उद्योगांचा. त्यातला 3 टक्के महिला उद्योजकांचा. पण ते बांधतं केंद्राच्या खात्यांना आणि केंद्राच्या कंपन्यांना. रेल्वेत, ऑइल कंपनीत तुमचा कागद चालला असता. महापालिका राज्याच्या नियमांवर चालते. राज्याची खरेदीची नियमपुस्तिका वेगळी, 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची. आणि टेबलावरचा कारकून बघतो ती निविदेत छापलेली अट. अटीत सवलत लिहिलेली नसेल, तर तो स्वतःच्या सहीने ती देत नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर त्यालाच द्यायचं असतं. मीही दिली नसती, खोटं कशाला बोलू.

म्हणून भांडायची जागा निविदापूर्व बैठक. तिथे लेखी विचारा: बयाणा माफी आहे का, मागच्या कामाच्या अनुभवाची अट नव्या उद्योगाला शिथिल होईल का. उत्तर शुद्धिपत्रकात येतं, आणि शुद्धिपत्रक सगळ्यांना लागू. त्या बैठकीला यायचे ते नेहमीचे चार ठेकेदार, तेही चहापुरते.

खाडीपलीकडची
मी कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला असते, आमचं छपाईचं दुकान आहे. सॅन फ्रान्सिस्को शहर आपल्या छोट्या स्थानिक धंद्यांना दरात 10 टक्के सूट धरतं. म्हणजे बाहेरच्याने 1,00,000 डॉलर भरले आणि स्थानिकाने 1,08,000, तर तुलनेपुरते त्याचे 97,200 धरायचे. काम त्याला, आणि पैसे मात्र पूर्ण 1,08,000! आपल्याकडे असं असतं का? (आमचं दुकान खाडीच्या अलीकडे. शहरात कार्यालय हवं, त्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग नाही.)

निवृत्त_भांडारवाला
नाही हो. केंद्राच्या धोरणातही उलटं आहे. सगळ्यात कमी दर मोठ्या कंपनीचा 1,000 आला आणि ताईंचा 1,120, तर ताई 15 टक्क्यांच्या आत बसतात. त्यांना विचारतात, 1,000 ला देता का? हो म्हटलं तर ऑर्डरमधला हिस्सा मिळतो. कापड मोठ्या गिरणीतून घाऊक उचलणाऱ्याचा भाव आणि 14 मशिनीवालीचा भाव एकच कसा असेल, हे धोरण लिहिणाऱ्याला कोणीतरी विचारायला हवं होतं.

ताई, एक सांगा. उद्यमच्या कागदावर मुख्य व्यवसाय काय लिहिलाय? उत्पादन की व्यापार?

सोलापूरची_शिलाई
काका, आत्ता कपाटातून काढून बघितलं. "व्यापार" लिहिलंय, खाली किरकोळ कपडे विक्री. नोंदणी चौकातल्या नेट कॅफेवाल्याने करून दिली होती, 1,500 रुपये घेतले. मी दुकानाचं लाईटबिल दिलं होतं, शेडचं नाही.

निवृत्त_भांडारवाला
मग माफीची अट छापलेली असती तरी तुम्ही बादच झाला असता. 2021 पासून व्यापाऱ्यांनाही उद्यममध्ये घेतात, पण बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. सरकारी खरेदीतलं प्राधान्य जो स्वतः माल बनवतो किंवा सेवा देतो त्याला. नाहीतर भिवंडीतून माल उचलून पुरवणारासुद्धा लघुउद्योजक म्हणून उभा राहील. राहतातही म्हणा.

उद्यमच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी आणि दुरुस्ती दोन्ही फुकट आहेत. आधारचा ओटीपी आला की आत जाता येतं. शिलाईचा उत्पादनाचा कोड घाला, शेडचा पत्ता जोडा. त्या 1,500 चं आता काही होत नाही.

नाशिकचा_फॅब्रिकेटर
काकांनी पैशांचं सांगितलं नाही, ते मी सांगतो. मी एका नगरपालिकेला बाकं पुरवली, देयक 7 महिने फिरत होतं. कायद्याने सूक्ष्म-लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाहीतर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. त्यासाठी सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. मी केली नाही. पुढच्या वर्षीची बाकं कोण देणार मग? पण ताई, कापडवाल्याची उधारी 30 दिवसांची असेल तर आधी हा हिशेब मांडा, मग दर भरा.

सोलापूरची_शिलाई
कापडवाला 21 दिवस थांबतो. बघते. दुरुस्तीचा अर्ज आजच भरला, ओटीपी दोनदा आला नाही, तिसऱ्यांदा आला.

काका, शेवटचं. नमुन्याचे दोन जोड दिले होते, रात्री जागून शिवलेले. ते परत मिळतात का?

निवृत्त_भांडारवाला
मिळतात. साधा अर्ज द्या, पोच घ्या, आणि स्वतः जा, कुरियर मागवू नका. आमच्या कपाटात बाद झालेल्यांचे गमबूट तीन-तीन वर्षं पडून असायचे. सगळे डाव्या पायाचे.