शेअर का घेतला हे लिहून ठेवण्यात काही हशील आहे का?

वहीवाला
शेअर घेताना मी वहीत चार ओळी खरडतो: का घेतोय आणि काय घडलं तर विकेन. 2019 मध्ये एका औषध कंपनीचे शेअर घेतले, तेव्हा लिहिलं होतं, "कारखान्यावरच्या अमेरिकी एफडीएच्या (तिथल्या औषध नियामकाच्या) हरकती वर्षभरात मिटतील." 2020 मध्ये भाव सुसाट सुटला, पण कोविडमुळे. हरकती होत्या तिथेच होत्या. वही नसती तर आज मी लग्नकार्यात औषधक्षेत्राचा जाणकार म्हणून मिरवत असतो! नफा झाला तो नशिबाने, हे स्वतःच्याच अक्षरात वाचायला मिळणं ही माझ्या लेखी लिहिण्याची कमाई. त्याने पैसे वाढतात असा दावा नाही. तुम्हाला काय वाटतं?

निर्देशांकप्रेमी
साफ असहमत. एकदा कारण लिहिलं की माणूस त्यालाच चिकटतो. त्यातून चार मित्रांना वाचून दाखवलं असेल तर विकताना नाक कापल्यासारखं वाटतं. आणि लिहिणार कशाच्या भरवशावर? ताळेबंदाच्याच ना? सत्यम ही आयटी कंपनी आठवा. पुस्तकात रोख आणि बँकेतली शिल्लक 5,361 कोटी. 7 जानेवारी 2009 ला तिचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्रात कबूल केलं की त्यातले 5,040 कोटी नव्हतेच. तो आकडा तुम्ही वहीत मोत्यासारख्या अक्षरात उतरवला असता, तर काय फरक पडला असता?

नाशिकचा_चिकित्सक
फरक पडला असता. पत्राच्या तीन आठवडे आधी, 16 डिसेंबरला, सत्यमने राजूंच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या 1.6 अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं होतं. भागधारक खवळले, काही तासांत माघार घेतली. "प्रवर्तकाने कंपनीचा पैसा घरच्या धंद्याकडे वळवला तर बाहेर पडेन" अशी अट ज्याने लिहिलेली होती, त्याला निघायला वेळ होता. पत्राच्या आदल्या दिवशीही भाव 179 च्या आसपास होता, पत्राच्या दिवशी 40 च्या खाली गेला.

निर्देशांकप्रेमी
घ्या! ही अट साहेब आज लिहितायत, सगळं होऊन गेल्यावर. त्या डिसेंबरात सेन्सेक्स वर्षारंभीच्या 21,000 वरून 10,000 च्या आसपास आलेला. अट असती तरी "मंदीच आहे, सावरेल" म्हणत बहुतेक जण बसूनच राहिले असते.

वहीवाला
हा टोला बसला, मान्य. पण पश्चातबुद्धी पकडायची तर आधीचं लिहिलेलं लागतंच की. मित्रांना दाखवू नये याला मात्र माझं पूर्ण अनुमोदन. अमेरिकी गुंतवणूकदार हॉवर्ड मार्क्स 1990 पासून गुंतवणुकीवर टिपणं लिहितायत आणि पहिली दहा वर्षं एकानेही उत्तर दिलं नाही, असं ते स्वतः सांगतात. तरी लिहीत राहिले.

निर्देशांकप्रेमी
ते ग्राहकांना लिहीत होते, तो त्यांच्या धंद्याचा भाग होता. तुम्हाला कोण पैसे देतंय?

हिशेबी_ताई
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या. मी वेगळ्याच कारणासाठी वहीच्या बाजूने आहे. आमच्या नात्यात एक काका गेले. कुठले शेअर, किती, कागदी की डिमॅटमध्ये, काकूंना काही म्हणजे काही ठाऊक नाही. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की शेअरसुद्धा आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात, आणि परत मिळवायला आयईपीएफ-5 अर्ज, वारसाची कागदपत्रं, कंपनीची पडताळणी असा सगळा फेरा. विश्लेषण कसलं लिहिताय, आधी फोलिओ क्रमांक (कंपनीकडचा तुमचा खातेक्रमांक) लिहा आणि वही कुठे ठेवली ते घरात सांगा.

निर्देशांकप्रेमी
ताई, ती यादी झाली, ती हवीच. माझा आक्षेप "का घेतला" या निबंधाला आहे. वहीवाले, आता सरळ उत्तर द्या: इतकं लिहून निफ्टीपेक्षा जास्त मिळालं का?

वहीवाला
नाही. लाभांश धरूनही थोडा मागेच आहे. तारखा आणि भाव लिहिलेले होते म्हणून हिशेब लागला, नाहीतर मी पुढे आहे असंच समजत राहिलो असतो. गेल्या दिवाळीपासून निम्म्याहून जास्त रक्कम इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात, वळवली आहे.

निर्देशांकप्रेमी
म्हणजे माझ्या पक्षात आलात की! उरलेली कधी वळवताय?

वहीवाला
तूर्तास नाही. त्यातल्या तीन कंपन्यांची कारणं अजून टिकून आहेत. चौथीची अट मार्चच्या निकालात मोडली तर ती जाईल.