बिग बँग थिअरी: गच्चीवरून चंद्रावर लेझर मारणं खरंच जमतं का?

हौशी_खगोल
बिग बँग थिअरी या टीव्ही मालिकेच्या तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात (२४ मे २०१०) लेनर्ड, शेल्डन आणि मंडळी पॅसाडेनातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवरून अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशावर लेझर सोडतात. अडीच सेकंदांनी लॅपटॉपवरच्या आलेखात टोक उमटतं. यात खरं किती? हिरवा लेझर पॉइंटर आणि ८ इंची दुर्बीण घेऊन कॉलेजच्या गटाला हे करता येईल का?

फोटॉनमोजणी
अडीच सेकंद बरोबर आहेत. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमीवर आहे, त्यामुळे प्रकाशाला जाऊन यायला २.५६ सेकंद लागतात. आरसेही खरे: अपोलो ११ आणि १४ ने प्रत्येकी १०० कॉर्नर क्यूब (प्रकाश आला त्याच दिशेला परत धाडणारे काचेचे प्रिझम) ठेवले, अपोलो १५ ने ३००, प्रत्येक क्यूबचा व्यास ३.८ सेंमी. अडतं ते गच्चीवरच्या सामानापाशी.

५ मिलिवॉटचा पॉइंटर सेकंदाला साधारण १३ वर पंधरा शून्यं इतके फोटॉन (प्रकाशाचे कण) सोडतो. झोत १ मिलिरेडियनने, म्हणजे दर किलोमीटरला १ मीटर, फाकतो; म्हणून चंद्रावर ठिपका ३८४ किमी रुंद. त्यातले जेमतेम ४०,००० फोटॉन दर सेकंदाला अपोलो १५ च्या आरशावर पडतात. परतताना क्यूब लहान असल्याने प्रकाश पुन्हा फाकतो आणि पृथ्वीवर सुमारे १५ किमीभर पसरतो. ८ इंची दुर्बिणीच्या वाट्याला, वाटेत काहीच वाया जात नाही असं धरूनसुद्धा, ४० तासांत एक फोटॉन! शिवाय पॉइंटर सतत चालू असतो, त्यामुळे तो फोटॉन निघाला कधी हेच कळत नाही. वेळ मोजायला पल्स, म्हणजे क्षणभराची लखलख, लागते.

न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेत ३.५ मीटरची दुर्बीण आणि ५३२ नॅनोमीटरचा लेझर वापरतात. सेकंदाला २० पल्स, प्रत्येकीत ३ वर सतरा शून्यं इतके फोटॉन. इतकं करून एका पल्समागे परत येतो साधारण एक फोटॉन. पहिली पल्स परत येईपर्यंत पन्नासेक पल्स वाटेत असतात. मालिकेतला भाग दाखवला त्याच्या महिनाभर आधीच, एप्रिल २०१० मध्ये, अपाची पॉइंटच्या याच गटाला कित्येक वर्षं हरवलेल्या लुनोखोद १ या सोव्हिएत चांद्रगाडीचा आरसा सापडला होता. फार सुंदर काम आहे ते.

काळोखी_रात्र
यात भर: खरा शत्रू चंद्राचा स्वतःचा उजेड. म्हणून फोटॉन टिपणाऱ्या डिटेक्टरपुढे फक्त लेझरच्या रंगाचा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर बसवतात आणि फोटॉन अपेक्षित असतो तेवढ्या क्षणापुरताच, सुमारे १०० नॅनोसेकंद, डिटेक्टर उघडतात. पौर्णिमेच्या आसपास परतीचा सिग्नल साधारण दहापट घटतो. क्यूबवर बसलेली धूळ तापते हे त्याचं मुख्य कारण मानतात. आणि कृपा करून पॉइंटर आकाशात रोखू नका. वैमानिकाचे डोळे दिपतात.

सर्व्हेवाला
कॉलेजच्या गटाने चंद्र सोडावा, क्यूब धरावा. टोटल स्टेशन या जमीन मोजणीच्या यंत्राबरोबर येणारा गोल काचेचा प्रिझम म्हणजे तेच. एक डोळा मिटून त्यात बघा: डोकं कुठेही हलवा, स्वतःची बाहुली मधोमधच दिसते. एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन बाजू किरण आला त्याच दिशेला परत धाडतात. साधा आरसा जरा तिरका झाला की किरण भलतीकडे जातो.

प्रिझम १५० मीटरवर ट्रायपॉडला लावा. प्रकाशाला जाऊन यायला बरोबर १ मायक्रोसेकंद. पल्स देणारा लेझर डायोड, परतलेला प्रकाश टिपणारा फोटोडायोड आणि सिग्नलचा आलेख दाखवणारा १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप पुरतो. झोत डोळ्यांच्या उंचीच्या वर ठेवा. आधी प्रिझम १० मीटरवर ठेवून एक रीडिंग घ्या आणि ते वजा करा. नाहीतर केबलमधला विलंब, मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद, अंतरात मिसळतो आणि उत्तर लांब येतं.