कामाच्या जागची सुरक्षितता : शिकवणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचे अनुभव

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. कापसाच्या गासड्या आणि स्फोटके त्यात एकत्र भरलेली होती. पाठोपाठ झालेल्या दोन स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले आणि त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. त्याच दिवशी किती गोदी कामगार गेले, याचा नेमका आकडा मात्र आजही ठरलेला नाही. कामावर जखमी झालेल्या आणि दगावलेल्या माणसांची आठवण वर्गापर्यंत कशी पोहोचते, ती सुरक्षिततेच्या शिक्षणाला कशी उपयोगी पडते, याविषयीचे अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. कंपनीचे किंवा संस्थेचे नाव लिहू नये.

शिल्पनिदेशक, टर्नर व्यवसाय, नाशिक

नियम सांगितला की मुले मान डोलावतात; कारण सांगितले की हात मागे घेतात. लेथवर (धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर) हातमोजे घालू नयेत, हे नव्या विद्यार्थ्यांना पटत नाही, कारण हातमोजा म्हणजे संरक्षण असेच त्यांनी ऐकलेले असते. फिरत्या चकमध्ये (धातूचा तुकडा पकडून ठेवणाऱ्या भागात) मोज्याचा एक धागा अडकला तरी मोजा हातातून निघत नाही, मोज्यासह हात आत ओढला जातो, हे मी मशीन बंद ठेवून चिंधीच्या साहाय्याने समजावतो. चकची चावी हातातून सोडायची ती चकमधून काढल्यावरच, आणि बर (कापलेल्या धातूचा कीस) काढायची ती मशीन थांबवून, ब्रशने, या दोन गोष्टी मी वर्षभर सांगत राहतो. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी सामूहिक शपथ होते. ती व्हावीच, पण त्या दिवशी एखाद्या जखमी कामगाराला संस्थेत बोलावून त्याचे ऐकणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माजी प्रेस ऑपरेटर, पिंपरी-चिंचवड

मला असे बोलावणे आले होते, म्हणून लिहितो. पॉवर प्रेसला दोन बटणे असतात आणि दोन्ही एकाच वेळी दाबली तरच रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येतो, म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर असतात. आमच्याकडे उत्पादन वाढावे म्हणून एक बटण कायमचे दाबून बांधून टाकलेले होते आणि पुढचा गार्डही काढलेला होता. माझ्या उजव्या हाताची बोटे गेली. अहवालात कारण लिहिले गेले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम संरक्षक आवरण असलेच पाहिजे, असे तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम २१ सांगत होते, हे मला फार उशिरा कळले. विद्यार्थ्यांसमोर मी हात दाखवला तेव्हा वर्ग गप्प झाला, पण नंतर एका मुलाने विचारले, “ते बटण बांधायला कोणी सांगितले होते?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कोणीही विचारला नव्हता. नोकरीला लागणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगतो, की ठेकेदाराने ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) तुमचे नाव नोंदवले आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. अपघातानंतर त्या नोंदीसाठी घरच्यांना किती हेलपाटे घालावे लागतात, ते मी पाहिले आहे.

प्राध्यापिका, रसायन अभियांत्रिकी, रत्नागिरी जिल्हा

‘ते बटण बांधायला कोणी सांगितले होते?’ हा वरचा प्रश्न मी भोपाळची वायुगळती शिकवताना वापरते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीची हकीकत विद्यार्थ्यांना साधारण ठाऊक असते. मात्र विषारी वायू गळलेल्या टाकीची शीतकरण यंत्रणा आधीपासून बंद होती आणि गळणारा वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती, हे ऐकून ते चकित होतात. मी त्याहूनही मागे जाते. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूमुळे अश्रफ खान हा कामगार मरण पावला होता. आम्ही त्याच्यापासून सुरुवात करतो आणि त्या मृत्यूनंतर काय तपासायला हवे होते, याची यादी विद्यार्थ्यांकडूनच करून घेतो. कारखान्यातील धोक्यांची माहिती मिळवण्याचा कामगाराचा हक्क १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यात आला, तो भोपाळनंतर. तो कोणाच्या जिवाच्या मोलाने आला, हे ठाऊक असलेला अभियंता प्रकल्पात वेगळ्या नजरेने वावरतो, असा माझा विश्वास आहे.

शिक्षक, ओंटारियो, कॅनडा

येथे २८ एप्रिल हा कामावर दगावलेल्यांच्या शोकाचा दिवस असून, १९९१ मध्ये त्याला राष्ट्रीय पातळीवर कायद्याने मान्यता मिळाली. संसदेवरील ध्वज त्या दिवशी अर्ध्यावर उतरवतात. पहिल्या अर्धवेळ नोकरीला लागणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही तीन हक्क शिकवतो : धोका जाणून घेण्याचा, सुरक्षिततेच्या निर्णयांत सहभागी होण्याचा आणि असुरक्षित काम नाकारण्याचा. तिसरा हक्क वापरायला मुले बिचकतात, म्हणून त्याचा संवाद वर्गात प्रत्यक्ष बोलून घेतो.

शिकाऊ उमेदवार, विद्युत विभाग, कोल्हापूर

असा संवाद मला प्रत्यक्ष करावा लागला. पॅनेल बंद केले आहे, असे तोंडी सांगून मला काम सुरू करायला सांगण्यात आले. मुख्य स्विचला माझे कुलूप आणि माझ्या नावाची पाटी लागल्याशिवाय, आणि टेस्टरने तपासल्याशिवाय मी हात लावणार नाही, असे मी नम्रपणे कळवले. साहेब प्रथम रागावले, मग स्वतः येऊन पाहून गेले. स्विच खरोखरच बंद होता. तरीही त्यानंतर आमच्या विभागात प्रत्येक शिकाऊ उमेदवाराला स्वतंत्र कुलूप मिळाले आणि त्याची चावी ज्याच्या त्याच्याकडेच राहते.