वराडकरांच्या आधीचा एक डॉक्टर आरोग्यमंत्री

कुणीतरी लिहिलंय की आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर स्वतः डॉक्टर असून आरोग्यमंत्री झाले, हे तिथे नवलाचं होतं. तसं नाही. डॉ. नोएल ब्राऊन १९४८ मध्येच त्या खुर्चीत बसले, तेही खासदारकीच्या पहिल्याच दिवशी! वय ३२. आई-वडील क्षयाने गेलेले, स्वतःलाही क्षय होऊन गेलेला. त्यामुळे इस्पितळांसाठी काढल्या जाणाऱ्या खासगी सोडतीच्या निधीतून क्षयरुग्णालयं उभारण्याचा त्यांनी सपाटाच लावला.

खरा भडका उडाला तो माता-बालक योजनेवरून. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि बाळंतिणींना मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही. डॉक्टरांची संघटना बिथरली, कॅथलिक बिशपांनी विरोध केला, पंतप्रधान कॉस्टेलोंनी हात झटकले आणि ब्राऊन यांच्याच पक्षाचे नेते शॉन मॅकब्राइड यांनी राजीनामाच मागितला. एप्रिल १९५१ मध्ये ब्राऊननी तो दिला, पण जाताना बिशपांशी झालेला पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत छापायला देऊन टाकला. मंत्रिमंडळ कुणाच्या तालावर चालतं, ते लोकांनी प्रथमच पांढऱ्यावर काळं वाचलं.

माणूस हेकट होता, सहकाऱ्यांशी पटायचं नाही. आयुष्यभरात पाच पक्ष झाले, त्यातले दोन तर त्यांनीच इतरांसोबत काढलेले. मंत्रिपद मात्र पुन्हा मिळालं नाही.