पेटीतल्या बाळाशी बोलणं, गाणं: नेमकं कसं, किती?

प्रश्न
एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या बाळांच्या पालकांसाठी पानभर सूचना लिहायच्या आहेत. नुसतं ‘बाळाशी बोला, गा’ लिहिलं की पुढचे प्रश्न येतातच: कधीपासून? किती मोठ्याने? फोनवर अंगाई लावून पेटीत ठेवली तर? गर्भधारणेपासून मोजून ३० आठवड्यांच्या आसपासची, श्वास बऱ्यापैकी स्थिरावलेली बाळं गृहीत धरा.

उत्तर १ (परिचारिका, नवजात विभाग)
फोन पेटीत नाही, हे पहिल्याच ओळीत लिहा. बंद पेटीत आवाज घुमतो आणि स्पीकर बाळाच्या कानापासून वीतभरावर येतो. जंतूंचा धोका वेगळाच. इअरफोन तर मुळीच नकोत.

गाण्याआधी शांतता हवी. पेटीवर बाटली ठेवणं, काचेवर टकटक करणं, पेटीची हात घालायची खिडकी खट्‌कन लावणं, यांचे दणके आत ८० डेसिबलच्याही वर जाऊ शकतात. खिडकीची कडी बोटाने दाबून धरा, खिडकी पूर्ण टेकवा, मग कडी हळूच सोडा. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने १९९७ मध्येच एनआयसीयूतला आजूबाजूचा ४५ डेसिबलवरचा आवाज काळजीचा ठरवला होता. आजूबाजूला गोंगाट असला की आई नकळत आवाज चढवते, तेही टळतं.

उत्तर २ (म्युझिक थेरपिस्ट)
कान साधारण २५ आठवड्यांपासून आवाजाला प्रतिसाद देऊ लागतात, म्हणून तेव्हापासून गाणं सुरू करायचं असं नाही. इतक्या लहान बाळाला स्पर्श, उजेड आणि आवाज एकदम झेपत नाहीत.

३० आठवड्यांच्या बाळासाठी: गाढ झोपेतून उठवू नका, रक्त काढल्यावर लगेच नको. एक तळहात डोक्यावर, दुसरा पावलांशी, दोन्ही स्थिर. थोपटू नका. आधी नावाने हाक, मग एकाच स्वरावर गुणगुणणं, मग अंगाईच्या दोन ओळी. थांबा. बाळ निवांत असेल तरच पुढे. सुरुवातीला ३ ते ५ मिनिटं पुरे. चाल तीन-चार स्वरांत फिरणारी असावी, वाद्यं आणि ताना नकोत. कांगारू पद्धतीने छातीशी धरलं असेल तर सर्वांत उत्तम, कारण आवाजाची थरथर छातीतूनही पोचते.

बोटं पंख्यासारखी फाकली, उचकी लागली, जांभया सुरू झाल्या, कपाळावर आठी आली, अंगावर चट्टे उठले की बाळाला पुरे झालंय. आधी आवाज थांबवा, हात तसाच राहू द्या. दोन्ही एकदम काढले तर बाळ दचकतं. मॉनिटरवरचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) काही सेकंद मागे असतं, म्हणून नजर चेहऱ्यावर ठेवा.

उत्तर ३ (नवजात शिशुतज्ज्ञ)
कृपया ‘गाण्याने बुद्धी वाढते’ असं लिहू नका. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ बाळांच्या कानावर ३२व्या आणि ३६व्या आठवड्यात मोठ्यांचे किती शब्द पडले ते मोजलं होतं. ज्यांनी जास्त ऐकले त्यांचे पुढे विकास-चाचण्यांतले गुण बरे होते. पण हा केवळ संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात संगीतानंतर हृदयाचे ठोके कमी झालेले दिसतात. मेंदूच्या दूरगामी विकासाबद्दल ठाम पुरावा नाही. बाळ शांत होतं आणि आईबाबांना हाताशी करण्याजोगं काही मिळतं, हेच मला पुरेसं मोलाचं वाटतं.

एक ओळ श्रवणतपासणीचीही टाका. ५ दिवसांहून जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला एबीआर तपासणी (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी) लागते. नुसत्या ओएई तपासणीत (ती फक्त आतल्या कानाचा प्रतिसाद मोजते) श्रवणनसेतला दोष निसटतो.

प्रश्नकर्ता
आई रोज येऊ शकत नसेल तर रेकॉर्डिंग चालेल?

उत्तर २ (म्युझिक थेरपिस्ट)
चालेल, पण विभागाच्या देखरेखीत. डेसिबल-मीटर बाळाच्या डोक्यापाशी धरून आवाज ठरवा. रेकॉर्डिंगसाठी ६५ डेसिबलची मर्यादा ओलांडू नका. २०१५ च्या एका प्रयोगात आईचा आवाज आणि हृदयाचे ठोके दिवसाला एकूण ३ तास ऐकवले होते, तेही ४५-४५ मिनिटांच्या तुकड्यांत. त्या बाळांच्या मेंदूतला श्रवणाचा भाग मोठा आढळला. तेही ४५-४५ मिनिटांच्या तुकड्यांत. रेकॉर्डिंग चालू ठेवून निघून जाऊ नका. त्याला बाळाचा चेहरा दिसत नाही, आठी पडली तरी ते वाजतच राहतं.