मदत हवी आहे: मोटरहोमचा जनरेटर २-३ मिनिटांत बंद पडतो, पेट्रोल कमी पडतंय का?

मंडळी, जरा मदत करा. आमच्या मोटरहोममधला पेट्रोल जनरेटर ४ महिने नुसता उभा होता, आता स्टार्ट होतो, २-३ मिनिटं बरा चालतो आणि मग आवाज वरखाली व्हायला लागतो, एसी लावला तर लगेच गचके खाऊन बंद. चोक (इंजिनात जाणारी हवा कमी करणारी झडप) अर्धा ओढून धरला की मात्र चालत राहतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं, पण नेमकं कुठे अडकतंय तेच कळेना.

पहिली शंका टाकीची आली, कारण जनरेटरची नळी गाडीच्याच टाकीत मुद्दाम तळापासून वर ठेवलेली असते, पेट्रोल पाव टाकीच्या आसपास आलं की त्याला मिळत नाही, गाडी हलवण्यापुरतं उरावं म्हणून. पण आमची टाकी पाऊण भरलेली आहे. फिल्टर नवा घातला. पंपाची टकटक ऐकू येते. रबरी पाइप वाकवून बघितला तर क्लिपच्या अगदी खाली केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, पेट्रोल गळत नाही, तरी तिथून हवा ओढली जात असेल का?

की कार्बोरेटरचा (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) मेन जेटच, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तुंबलंय? बाऊल (त्याच्या खालची पेट्रोल साठणारी वाटी) खोलला तेव्हा तळाला पिवळट चिकट थर होता. क्लीनर मारला, थोडासाच फरक पडला.

आधी पाइप बदलू की कार्बोरेटर पूर्ण खोलू? वेगळ्या कॅनमधून पेट्रोल देऊन बघ असं एकाने सांगितलं, पण गरम सायलेन्सरशेजारी ते करायची खरंच भीती वाटते, आत मुलं असतात. कोणी केलं असेल तर नीट सांगा प्लीज.