ताडोबासाठी लेन्स: १००-५०० की २००-८००? सल्ला हवाय

शेकरू:
नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये बाबांना घेऊन ताडोबाला जातेय. मोहर्ली गेटच्या चार सफारी मिळाल्यात. आम्ही दोघांनीही अजून जंगलातला वाघ पाहिलेला नाही. कॅमेरा कॅनन आर७ आहे, त्यावर किटची १८-१५०. दोन वर्षं साठवलेले पैसे एकाच लेन्सला पुरतील. कॅननच्याच आरएफ १००-५०० आणि आरएफ २००-८०० यांत अडकलेय (आकडे मिलिमीटरचे; आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). दुकानात म्हणाले, जंगलात झूम जेवढा जास्त तेवढा चांगला, ८००च घ्या. पुढे भिगवणला पक्ष्यांसाठीही तीच वापरेन. काय करू?

पाणकावळा:
ताई, ताडोबासाठी १००-५००. कारण सांगतो.

आर७चा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद आहे. वाघ २० मीटरवर असेल तर ५०० मिमीला फ्रेममध्ये जेमतेम ९० सेंटिमीटर मावतं, म्हणजे डोकं आणि खांदा. २०० मिमीला सव्वादोन मीटर, म्हणजे आडवा उभा वाघ कसाबसा, शेपूट बाहेर. १०० मिमीला साडेचार मीटर. आणि ताडोबात वाघ रस्त्यावरून चालत येतो, २० मीटर हे काही फार जवळचं अंतर नाही. ४० मीटरवर उभा असेल तरी ५००ला फ्रेम भरते. जास्तीचे ३०० मिमी तुम्ही वापरणार कधी?

मागच्या मे महिन्यात माझ्याकडे भाड्याची ५०० एफ४ प्राइम होती, म्हणजे झूम न होणारी लेन्स. चितळाचा इशाऱ्याचा कॉल झाला, ड्रायव्हरदादांनी इंजिन बंद केलं आणि बांबूतून वाघीण थेट रस्त्यावर आली. नुकतीच पाण्यातून उठलेली. पोट चिखलानं काळं झालेलं, चालताना धुळीत थेंब पडत होते आणि ते थेंबसुद्धा साध्या डोळ्यांना दिसत होते. मागून दोन बछडे. मी कॅमेरा लावला तर आत नुसता एक डोळा आणि मिशा. शेजारच्या जिप्सीत कुणीतरी १००-४००वर आई आणि दोन्ही पिल्लं एकाच फोटोत घेतली. तो फोटो गेला याचं वाईट मला आजही वाटतं.

दुसरं, उजेड. पहाटेचा पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा आणि तेव्हाच बांबूखाली अंधार असतो. २०० मिमीला १००-५०० चं अ‍ॅपर्चर एफ५ मिळतं (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), २००-८०० चं तिथं ६.३ आणि ८००ला ९. चालत्या वाघाला शटर निदान १/५०० सेकंद ठेवा. मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० सहज होतो. एफ९ला तो आणखी चढेल आणि आर७वर नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, लगेच दिसतो.

माळढोक:
पाणकावळ्याचं वाघापुरतं पटलं, पण पक्ष्यांचं काय? मी २००-८०० वर्षभर वापरतोय. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा लांबच राहतो, माळावरच्या छोट्या पक्ष्यांना तर ८००ही कमीच वाटतं. भरपूर ऊन असेल तर एफ९ अजिबात नडत नाही. वजन मात्र दोन किलोच्या वर आहे. १००-५०० ट्रायपॉडला लावायची कॉलर काढली तर जवळपास ७०० ग्रॅमनं हलकी. भिगवणला होडी बरीच जवळ जाते, रोहित पक्ष्यांना ५०० पुरते. ताई, तुमचं मन पक्ष्यांकडे जास्त असेल तरच ८००.

पाणकावळा:
मान्य. फक्त एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर जमीन तापली की हवा थरथरते, लांबचे फोटो पाण्याखालून काढल्यासारखे येतात. तेव्हा कितीही लांबची लेन्स असली तरी काही उपयोग नाही.

रानवाटा:
विकत घेण्याआधी एक दिवस भाड्यानं घेऊन बघाच, पुण्या-मुंबईत सहज मिळते. आणि लेन्सइतकीच बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी, महत्त्वाची. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते. दांड्यावर बीनबॅग, वर लेन्स, बसलेल्या वाघाला १/२५० वरही फोटो धारदार येतो. सफारीत लेन्स बदलू नका, धूळ थेट सेन्सरवर बसते. उशीचा जुना अभ्रा घ्या, गाडी चालू असताना कॅमेरा त्यात गुंडाळून मांडीवर. आर७ला इलेक्ट्रॉनिक शटरवर पळणारं जनावर तिरकं येऊ शकतं. मेकॅनिकलवर ठेवा, सेकंदाला १५ फोटो भरपूर झाले.

बजेट ताणायचं नसेल तर कॅननच्या डीएसएलआरसाठीची जुनी ईएफ १००-४०० मार्क २ अ‍ॅडाप्टरवर उत्तम चालते. ४००ला एफ५.६ मिळतं. घेताना मात्र आतून बुरशी आहे का, टॉर्च मारून बघा.

शेकरू:
सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानातून आल्यापासून डोक्यात फक्त ८०० होतं, वाघ इतका जवळ येईल हे डोक्यातच आलं नव्हतं. १००-५०० रविवारी भाड्यानं घेऊन सुप्याला जातेय, बाबाही येतायत. ते विचारतायत, बीनबॅग घरूनच भरून न्यायची का?

रानवाटा:
नको, उगाच ओझं. रिकामी आणा. मोहर्लीत दुकानातून दोन किलो तांदूळ घ्या, त्यानं भरा. शिवण नीट आहे ना तेवढं आधी बघा. परत निघताना तांदूळ मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघरात देऊन या.